बावीस कॅरेट

माझा धंदा पुस्तकांच्या समीक्षेचा. धंदा म्हणायचं ते सवयीनं. कारण धंद्यात पैसे मिळतात अशी एक समजूत आहे. गेली पस्तीस वर्षं मी लोकांच्या कादंबऱ्या, कवितासंग्रह आणि संपादकांशी बिनसलेल्या महिन्यांत पाकशास्त्राची पुस्तकंसुद्धा तपासत आलो आहे. 'आशय आणि घाट यांचं अद्वैत' हे शब्द आजवर इतक्या वेळा लिहिले की, 'आशय' एवढं लिहून झालं की पुढचं माझं पेन आपणहून लिहितं. या शब्दांचा नक्की अर्थ काय, असं मला एकाही वाचकानं कधी विचारलं नाही. मराठी वाचक सभ्य आहे. शेवटी तो प्रश्न मला टोमॅटोनं विचारला.

त्याचं असं झालं. एका शुक्रवारी रात्री भाच्याचा फोन आला.

"मामा, रविवारी घरी आहात ना? बावीस कॅरेट घेऊन येतोय. तुम्हाला दाखवायचंय."

फोन ठेवल्यावर मी हे वाक्य जसंच्या तसं घरात सांगितलं. ही माझी चूक. भाचा लग्नाचा होता, त्यामुळे 'बावीस कॅरेट' या दोन शब्दांतून आमच्या हिनं मुलगी, मुहूर्त आणि आहेराची साडी इथपर्यंत मजल मारली. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून साजूक तुपातल्या शिऱ्याचा वास येऊ लागला. एरवी माझ्या बहिणीचा मुलगा आला की कांदेपोहे असतात.

भाचा आला. गाडीची डिकी उघडून त्यानं हिरव्या रंगाच्या, ताटाएवढ्या जाडीच्या चौकोनी पाट्या काढायला सुरुवात केली. एकेक पाटी हॉलमध्ये आणायची, खाली ठेवायची, चार बाजूंनी चार भिंती फटाफट उभ्या करायच्या, की झालं खोकं! त्यावर दुसरं, त्यावर तिसरं. जादूगाराच्या टोपीतून ससे निघावेत तशी त्या एवढ्याशा डिकीतून बावीस खोकी निघाली. अर्ध्या तासानं हॉलमध्ये माणसाला उभं राहायला जागा उरली नाही.

"ही कॅरेट," भाचा घाम पुसत म्हणाला.

हिनं शिऱ्याखालचा गॅस बंद केला.

वाचकांपैकी जे शहरातले असतील त्यांच्यासाठी सांगतो. जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून पार नाशिकपर्यंत, टोमॅटोच्या प्लॅस्टिकच्या जाळीदार खोक्याला 'कॅरेट' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द 'क्रेट'. आपल्या शेतकऱ्यानं त्यातलं जोडाक्षर फोडून हवा खेळती ठेवली. बाजारात भाव बोलतात तो किलोचा नव्हे, कॅरेटचा; आणि एका कॅरेटमध्ये माल धरतात वीस किलो. सोन्याच्या कॅरेटशी याचा संबंध नाही. म्हणजे एरवी नाही. २०२३ सालच्या जुलैत मात्र नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या एका कॅरेटनं दोन हजार रुपयांचा आकडा ओलांडला होता, आणि तेवढे काही आठवडे दोन्ही कॅरेट एकाच पेढीवर बसल्यासारखी वाटत होती.

"मामा, तुम्ही समीक्षक ना?" भाचा म्हणाला. "मग याची समीक्षा करा. आई म्हणाली, मामा कशातही दोष काढतो."

इतकी नेमकी शिफारस मला आजवर एकाही प्रकाशकानं दिलेली नाही. मी चष्मा पुसला.

आता, कुठल्याही कलाकृतीमागची प्रेरणा पाहावी लागते. इथली प्रेरणा मला ठाऊक होती, कारण ती माझ्या बहिणीच्या अंगणात घडली होती. त्याच २०२३ सालच्या मे महिन्यात टोमॅटोचा भाव इतका पडला होता की, तोडणीची मजुरीसुद्धा सुटेना. एक दिवस आमच्या दाजींनी बाजारातून भरलेला टेंपो तसाच परत आणला, शेताच्या बांधावर उभा केला आणि सगळा माल मेंढरांपुढे ओतून दिला. बहीण फोनवर सांगत होती. रडत नव्हती; नुसती सांगत होती. शेवटी ती म्हणाली, "दादा, टोमॅटो ओतले आणि कॅरेट तेवढी मोजून घरी आणली. दोनशे भरली. एकही कमी नाही."

त्या दिवशी मला माझं पस्तीस वर्षांचं वाक्य आठवलं. आशय आणि घाट यांचं म्हणे अद्वैत! इथे माझ्या सख्ख्या बहिणीनं आशय बांधावर ओतून दिला होता आणि घाट मोजून घरी आणला होता. कारण आशयाला किंमत नव्हती. घाट विकत घेतलेला होता.

पुढची गोष्ट अधिक वाईट आहे. वैतागून दाजींनी उरलेलं पीक उपटून टाकलं. असं अनेकांनी केलं. मग बाजारात माल कमी पडला आणि जुलैत भाव आभाळाला टेकला. तेव्हा दाजींच्या अंगणात कॅरेट दोनशे होती आणि टोमॅटो एकही नव्हता. दोन हजारांचा भाव पेपरात वाचत ते एका पालथ्या कॅरेटवर बसून चहा पीत असत. त्या दोनशे रिकाम्या खोक्यांच्या भिंतीकडे बघत बघत माझा भाचा, जो चाकणकडे एका कारखान्यात प्लॅस्टिकचे साचे करतो, विचार करायला लागला. भावाचं त्याला काही करता येत नव्हतं. रिकाम्या खोक्यांचं काही करता येईल का, एवढंच तो बघू शकत होता.

"मामा, भरलेलं कॅरेट वाहायचं भाडं कळतं," तो म्हणाला. "पण गाडी येताना तेवढीच रिकामी कॅरेट घेऊन येते. जातानाही गाडी भरलेली, येतानाही भरलेली. येताना हवेनं."

आमच्या मराठी प्रकाशनव्यवसायातही असं पुष्कळ होतं, पण मी बोललो नाही.

रिकाम्या खोक्याची जागा वाचवायच्या वाटा जगात दोन. पहिली, खोकी एकात एक बसवायची. बादलीसारखी भिंत तिरकी ठेवली की खोकं खोक्यात शिरतं. पण मग भरल्यावरही ते शिरायला बघतं, आणि खालचा माल चिरडतो. त्यावर तोड म्हणून काही कॅरेटच्या भिंतींना अशा खाचा असतात की, एका दिशेनं ठेवलं तर वरचं खालच्यावर उभं राहतं आणि उलटं फिरवून ठेवलं तर आत शिरतं. हुशार माल आहे. फक्त रात्री दोन वाजता गाडी भरणाऱ्या हमालाला ती दिशा आठवायला हवी. दुसरी वाट घडीची: भिंतींना बिजागऱ्या लावायच्या आणि काम झालं की आत पाडायच्या.

घडीची कल्पना जुनीच आहे. १८७९ साली अमेरिकेत ब्रुकलिनला रॉबर्ट गेअर नावाच्या एका कागदी पिशव्यांच्या कारखानदाराकडे छपाईच्या यंत्रातली धातूची एक पट्टी जागेवरून हलली आणि पिशव्यांना घडी पाडण्याऐवजी त्या कापून बसली. दुसरा एखादा मालक कामगारावर ओरडला असता. गेअरच्या डोक्यात आलं की, एकाच दाबात काप आणि घडी दोन्ही पाडता आल्या, तर सपाट पुठ्ठ्याचं खोकं जागच्या जागी उभं करता येईल. आपल्या घरात येणारा प्रत्येक पुठ्ठ्याचा खोका त्या चुकीचा वंशज आहे. पण पुठ्ठ्याची घडी एकाच बाजूनं खरी. तो सपाट येतो, उभा राहतो, भरून जातो आणि बहुतेकदा रद्दीत संपतो. दमट हवेत तर आधीच मऊ पडतो. भाच्याला हवं होतं ते दोन्ही बाजूंनी प्रामाणिक खोकं: उभं राहील, आडवं होईल, परत येईल आणि पुन्हा उभं राहील. नुसत्या वाक्यात लिहिलं तर हे एखाद्या संतचरित्रासारखं वाटतं.

मी आकृतिबंधाकडे वळलो. तळ ६० सेंटिमीटर लांब, ४० रुंद. हे माप जगभर चालतं, कारण १२० बाय १०० च्या फळाटावर अशी बरोबर पाच खोकी बसतात, फट न राहता. उंची मात्र २०. नेहमीचं कॅरेट याहून बरंच उंच असतं.

"उंची एवढी कमी का?" मी समीक्षकाच्या ठेवणीतल्या आवाजात विचारलं.

"मामा, लांबीच्या दोन भिंती आत पाडल्या की त्या रुंदीत मावायला हव्यात. वीस आणि वीस, चाळीस. शेजारीशेजारी झोपतात. उंची पंचवीस केली तर पन्नास होतात. मग एक भिंत दुसरीच्या अंगावर पडते, तिची बिजागरी वर घ्यावी लागते, घडी जाड होते. आता चार घड्या एका उभ्या कॅरेटच्या जागेत बसतात. शिवाय खोकं उथळ असलं की तळच्या टोमॅटोवर थर कमी."

मी वाकून बघितलं. दोन भिंती खरंच शेजारीशेजारी झोपल्या होत्या, मधे दोरा जाईल एवढी फट ठेवून. वीस आणि वीस चाळीस हे गणित मी चौथीपासून करत आलो, पण त्याच्यावर कुणी घर बांधलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यानं मला खरी मेख दाखवली. दहा थरांची रास असेल तर सगळ्यांत खालच्या कॅरेटवर वरच्या नऊंचा भार, म्हणजे नुसता मालच १८० किलो. हा भार बिजागरीच्या खिळीवर आला तर खिळी दुसऱ्या फेरीत तुटेल. म्हणून भिंत उभी राहिली की तिची खालची कड तळाच्या खोबणीत टेकते आणि भार कोपऱ्यांतून सरळ खाली जातो. बिजागरीनं भिंतीला फक्त वाट दाखवायची, ओझं घ्यायचं नाही. वरच्या खोक्याचे पाय खालच्या काठावरच्या खाचेत बसतात, म्हणजे गाडी वळली तरी रास सरकत नाही. आणि भिंती बाहेर फुगू नयेत म्हणून चारही कोपऱ्यांवर खटके, शेजारच्या भिंतीचा हात धरून ठेवायला.

"म्हणजे थोडक्यात," भाचा म्हणाला, "ओझं खोक्यानं घ्यायचं. आतल्यानं नाही."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मी वाचलेल्या बऱ्याच कादंबऱ्यांत ओझं आतल्या माणसांवरच असतं आणि भिंती नुसत्या शोभेला असतात.

माझं मत तिथेच चांगलं झालं होतं. पण समीक्षकानं निदान एकदा तरी प्रत्यक्ष जीवनाशी भिडावं असं म्हणतात, म्हणून पुढच्या आठवड्यात मी तोडणीच्या दिवशी बहिणीकडे गेलो.

शेतात गेल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली, ती म्हणजे तिथे प्रत्येकाच्या हाताला चिखल आणि हिरवा चिक असतो. टोमॅटोच्या झाडाचा तो चिक बोटांवर काळा पडतो आणि साबणालाही दाद देत नाही. भाच्याचे खटके अंगठ्याच्या नखानं दाबायचे होते. कारखान्यातल्या पांढऱ्या उजेडात, धुतलेल्या हातांनी ते छान दाबले जात. इथे बहिणीनं एक कॅरेट उचललं, दोन्ही अंगठे लावले, अंगठे घसरले. पुन्हा लावले, पुन्हा घसरले. तिसऱ्यांदा तिनं ते खाली ठेवलं, जुनं निळं कॅरेट पायानं ओढलं आणि तोडायला लागली.

"चांगलंय रे," ती मुलाला म्हणाली. "पण याला आधी हात धुऊन भेटायला लागतं. देवासारखं."

साडेतीनशे शब्दांत मी जे लिहिणार होतो ते तिनं दोन वाक्यांत संपवलं. भाच्याचं तोंड उतरलेलं बघून, त्याची बाजू सावरावी म्हणून मी एक नवं कॅरेट स्वतः उभं केलं, पालथं घातलं आणि दाजी जुन्यावर बसतात तसा त्याच्यावर ऐटीत बसलो.

पुढचा प्रसंग मराठी समीक्षेच्या इतिहासात नोंदवला जाणार नाही, म्हणून इथे नोंदवतो. मी बसलो, क्षणभर सगळं ठीक होतं, मग माझ्याखालून 'खट' असा एक अगदी सभ्य आवाज आला, दोन भिंती त्यांच्या स्वभावाप्रमाणे आत झोपल्या आणि मी २० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरवर आलो. उरलेला प्रवास मागच्या बाजूनं, चिखलात. तोडणीला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून पाठमोऱ्या झाल्या. एक तर सरीतच खाली बसली.

"पाव्हणं," दाजी मला हात देत म्हणाले, "कॅरेट लई भारी हाय. कुनालाबी घडी घालतंय."

मी उठलो आणि त्या क्षणी, कपड्यांना चिखल असताना, माझ्या आयुष्यातली एकमेव उपयुक्त समीक्षा केली. मी भाच्याला विचारलं, "खटका बसला नव्हता हे मला कळायला नको होतं का?"

तो गप्प झाला. खटका अर्धवट बसला तरी भिंत सरळच दिसत होती. बसल्याचा आवाज नव्हता, न बसल्याची खूण नव्हती. माझ्याजागी माझ्या वजनाचा माल असता, वर सहा थर असते आणि घाटात वळण असतं तर? जी वस्तू बंद झाल्यासारखी दिसते पण झालेली नसते, ती उघड्या वस्तूपेक्षा वाईट. उघड्या विहिरीला माणूस जपतो. कुजक्या फळीनं झाकलेल्या विहिरीला जपत नाही.

दुपारी जेवताना खरं भांडण निघालं, ते मात्र खटक्यावरून नव्हे, शिगेवरून.

आपल्याकडे माप शिगेनं देण्यात मोठेपणा आहे. काठाशी हात आखडता घेणारा तो कंजूष. शिगोशीग भरणारा तो दिलदार. घेणाऱ्यालाही कॅरेट असं हवं असतं की वर टोमॅटोची टेकडी दिसली पाहिजे. पण खोक्याचा धर्म याच्या नेमका उलटा आहे. माल काठाखाली राहिला तर वरचं खोकं खालच्याच्या भिंतींवर बसतं. माल काठावर आला की वरचं खोकं टोमॅटोवर बसतं. मग भिंती कितीही मजबूत असोत, ओझं आतल्यानंच घ्यायचं. गाडी पोचेपर्यंत वरचा थर पिचतो, आणि पिचलेल्या मालाचे पैसे भावातून वळते होतात. म्हणजे शीग शेतकऱ्यानं द्यायची आणि शीग चिरडल्याचा दंडही त्यानंच भरायचा.

भाच्याच्या कॅरेटमध्ये वीस किलो माल काठाखाली दोन बोटं जागा ठेवून नेमका बसत होता. त्याला त्याचा अभिमान होता. दाजींना त्याचीच काळजी होती.

"घेणारा म्हनंल, हे कॅरेट बारकं हाय. काट्यावर वीस भरतंय का अठरा, ते नंतर. आधी डोळं भाव करतंय."

यावर भाच्यानं हिमाचलच्या सफरचंदांची हकिगत सांगितली. तिथे पुठ्ठ्याचा जो खोका वर्षानुवर्षं चालत होता तो दोन तुकड्यांचा: एक तळ, एक त्यावर चढणारं झाकण. झाकण वर सरकवलं की खोक्याची उंची वाढे, आणि आत आणखी एक थर मावे. भाव खोक्याचा, त्यामुळे खोका लांबत गेला आणि बागायतदाराची सफरचंदं त्याच भावात जास्त जात राहिली. शेवटी २०२४ च्या हंगामापासून तिथल्या सरकारनं एकसंध खोका सक्तीचा केला, सुमारे वीस किलोचा, ज्याची उंची ओढून वाढत नाही. त्याच वर्षांत बागायतदार हेच मागत होते.

"बघा मामा, खोकं नुसतं खोकं नसतं. ते माप असतं."

"त्ये सरकारनं क्येलं," दाजी ताक पीत म्हणाले. "तू एकला काय करनार? बाविसात?"

यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. बहिणीनं मला आणखी एक भाकरी वाढली. शिगेनं.

परतीच्या एसटीत मला माझ्या लहानपणची आंब्याची पेटी आठवत राहिली. कोकणातून येणारी लाकडी पेटी, पातळ फळ्यांची, वाकड्या खिळ्यांची, आत पेंढा आणि पेंढ्यात हापूस. ती घडी होत नसे, परत जात नसे. झाकण पटाशीनं उचकटताना एक तरी खिळा वडिलांच्या बोटात जाई. आंबे संपले की पेटीचा दुसरा जन्म सुरू: कुणाकडे कोंबड्यांचं खुराडं, कुणाकडे कोळशाचं खोकं. आमच्याकडे दोन पेट्या एकीवर एक आडव्या ठेवून माझं पहिलं पुस्तकांचं कपाट झालं होतं. माझ्या सगळ्या वाचनाला पेंढ्याचा वास आहे. असं आठवलं की वाटतं, खोक्यानं परत कशाला जायला पाहिजे? राहू दे की ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे.

पण हा विचार आंबे खाणाऱ्याचा आहे. पाठवणाऱ्याला दर हंगामात नवं लाकूड, नवे खिळे, नवी पेटी. झाडंही तोडली जात होती ती त्यासाठीच. ज्या खोक्याबद्दल मला एवढा जिव्हाळा, त्याचे पैसे दर वर्षी दुसराच कुणीतरी भरत होता. समीक्षकाचा जिव्हाळा बहुतेक वेळा असाच असतो.

दोन महिन्यांनी भाचा सुधारलेला नमुना घेऊन आला. नखाचा खटका गेला होता. त्या जागी तळव्यानं दाबता येईल अशी रुंद पट्टी आली होती, चिखलाच्या हातानंही बसणारी. बसली की 'टक्' असा मोठा आवाज, शेताच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाईल असा. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे खटका अर्धवट राहिला तर भिंत सरळ उभीच राहत नव्हती. स्पष्ट आत कलत होती, वर दुसरं खोकं ठेवताच येऊ नये अशी. माझ्या पडण्याचं एवढं सार्थक कुणी केलं नव्हतं. मी भीतभीत विचारलं, "याला काही नाव दिलंस का?"

"कारखान्यात सगळे त्याला 'मामा-खटका' म्हणतात," तो म्हणाला.

पुस्तकांच्या अर्पणपत्रिकांत मी आजवर कधी आलेलो नाही. हे त्याहून टिकाऊ आहे.

ती बावीस कॅरेट दाजींनी एका खेपेला खरोखरच पाठवली, जुन्यांच्या जोडीनं. माल चांगला पोचला. नव्यांतला वरचा थर एकाही कॅरेटमध्ये पिचला नव्हता. घेणाऱ्यानं 'बारकी आहेत' असं म्हणून कॅरेटमागे वीस रुपये कमी दिले, तेही खरं. आणि परत आली ती एकोणीस. जुनं धिप्पाड कॅरेट चोरायचं तर डोक्यावर घेऊन सगळ्या बाजारातून मिरवत जावं लागतं. घडीचं कॅरेट वर्तमानपत्रासारखं काखेत मारून नेता येतं. जो गुण परत येण्यासाठी दिला होता, त्याच गुणानं तीन कॅरेट कायमची गेली. हल्ली दाजी प्रत्येक कॅरेटच्या तळावर आणि चारही भिंतींवर, अशा पाच ठिकाणी तांबड्या रंगानं नाव घालतात. घडी घातली तरी एक नाव वर राहतंच.

आता निकाल. भाच्यानं मागितला होता, म्हणून तो द्यायला हवा.

नमुना चांगला आहे. उंची नेमकी आहे, भार जिथून जायला हवा तिथून जातो, घडी सपाट आहे, खटका आता खोटं बोलत नाही. दोष: किंमत साध्या कॅरेटच्या दुपटीहून जास्त. साधं कॅरेट एका कडेला फुटलं तर तारेनं शिवून आणखी दोन हंगाम चालतं. याचा एक खटका तुटला की त्याचं ताट होतं. एकाच मालकाच्या गाड्या जिथे जातात-येतात तिथे हे आपले पैसे सहज फेडेल. जिथे कॅरेट शेतकऱ्याचं, गाडी दुसऱ्याची आणि बाजार तिसऱ्याचा, तिथे वाचलेली जागा गाडीवाल्याची होते आणि तुटलेला खटका शेतकऱ्याचा. हा दोष खोक्याचा नाही. पण खोकं हातात धरून बघताना तो दिसतो, म्हणून समीक्षेत लिहायचा.

आणि मेमधला भाव? त्याला बिजागरी नाही. ती बसवेल असा साचा भाच्याच्या कारखान्यात होत नाही, हे तोही जाणतो. परवा मी त्याला हेच म्हणालो, जरा चांगल्या शब्दांत. तो म्हणाला, "मामा, मला माहीत आहे. पण त्या दिवशी दोनशे रिकामी कॅरेट घरी आणायला बाबांनी गाडीचं पूर्ण भाडं दिलं होतं. माल ओतून दिल्यावर. निदान तेवढं तरी पाव व्हायला पाहिजे."

यावर समीक्षकाला बोलण्यासारखं काही नसतं.

एक कॅरेट त्यानं मला भेट दिलं. ते माझ्या टेबलाखाली आहे, अभिप्रायार्थ आलेल्या पुस्तकांनी भरलेलं, काठाखाली दोन बोटं जागा ठेवून. हिची त्याच्याशी अजून पुरती दिलजमाई झालेली नाही, कुणी विचारलं तर सांगते, "यांच्या भाच्यानं दिलं. बावीस कॅरेटमधलं." ऐकणारी बाई आदरानं बघते, आणि ही तिचा गैरसमज दूर करत नाही.

मी मात्र त्याच्यावर अजून बसलेलो नाही. खटका चारही कोपऱ्यांना 'टक्' वाजला होता, मी स्वतः ऐकला. तरीसुद्धा.